सीझरचा वण आणि पुढचे बाळंतपण

या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची समजूत अशी असावी की, आम्ही हमालीचे दर, तोलाई, बाजार समितीचा कारभार असल्या आमच्या नेहमीच्या विषयांवर बोलू. आम्ही विषय कळविला तेव्हा ते जरा बिचकले. बाळंतपण हा बायकांचा विषय, आणि त्यातून सिझेरियन म्हणजे डॉक्टरांचा. घोटीच्या भातगिरण्यांतल्या हमालांची आणि मजूर बायकांची संघटना चालविणाऱ्या, सातवीतून शाळा सोडलेल्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाने त्यात तोंड का घालावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग विषयाकडे वळतो.

चारपाच वर्षांपूर्वीची, भात आवणीच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या संघटनेतल्या एका हमालाची बायको दुसऱ्या खेपेस गरोदर होती. ती स्वतःही गिरणीच्या अंगणात भात वाळत घालण्याचे काम करी. पहिले मूल सिझेरियनने झालेले. नवराबायको कामासाठी परगावी गेले होते तेव्हा तिकडच्याच एका इस्पितळात. ते मूल सात महिन्यांचे झाले नाही तोच हिला पुन्हा दिवस राहिले. पहिल्या वेळी डॉक्टरांनी “उगाच पोट कापले” असे घरच्यांचे मत होते; म्हणून या वेळी घरीच वाट पाहावयाची असे ठरले. पोटावरचा वण आडवा, नीट भरून आलेला. काळजीचे काही कारण दिसत नव्हते.

रात्री कळा सुरू झाल्या. मध्यरात्रीनंतर त्या एकाएकी थांबल्या. घरच्यांना वाटले, बरे झाले, पोरीला जरा विसावा मिळाला. पहाटे ती गार पडू लागली तेव्हा आम्हांला उठविले. गाडी करून नाशिक गाठले. तिथे डॉक्टरांनी घाईघाईने तीन प्रश्न विचारले. मागच्या वेळी सिझेरियन कशासाठी केले? आत पिशवीवर छेद आडवा घेतला होता की उभा? नंतर ताप आला होता का? आम्ही पाच माणसे तिथे उभी होतो. एकालाही उत्तर देता आले नाही. इस्पितळाचा कागद घराच्या आढ्याला खोचून ठेवला होता, तो आदल्या पावसाळ्यातच भिजून गेला होता.

बाई वाचली. मूल गेले. पिशवी फाटली होती ती काढावी लागली. तिचे वय त्या वेळी तेवीस होते.

पुढे त्या पहिल्या इस्पितळातून कागदाची नक्कल आम्ही मिळविली. त्यात लिहिले होते की, मूल पोटात आडवे होते, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली; आणि मूल निघेना म्हणून पिशवीवर उभा छेद घ्यावा लागला. म्हणजे “उगाच” काही नव्हते. पोटावरचा वण आडवा, पण आतला उभा. ही एक ओळ ठाऊक असती तर नवव्या महिन्यात तिला घरी ठेवण्याचे धाडस कोणी केले नसते.

या बाईच्या नवऱ्याच्या हजेरीची बारा वर्षांची चिठ्ठी न् चिठ्ठी आमच्या कचेरीत जपून ठेवलेली होती. मालकाने एक दिवस बुडविला असता तर तो आम्ही कागदावर दाखवून दिला असता. पण त्याच घरातल्या बाईच्या जिवाचा कागद पावसात गेला, याची आम्हांला गंधवार्ता नव्हती. तेव्हापासून या विषयाची जी पुस्तके हाती लागली ती वाचली, डॉक्टरांना आणि परिचारिकांना प्रश्न विचारून बेजार केले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. आम्ही वैद्य नव्हे; उपचार सांगणार नाही. धोका कोठे असतो आणि तो आधी कसा ओळखावा, एवढेच सांगणार आहोत.

आधी पिशवीची रचना समजून घेऊ. गर्भाशय म्हणजे स्नायूंची एक जाड पिशवी. तिचा वरचा भाग दणकट. कळा येतात तेव्हा आवळण्याचे काम तो करतो. शेवटच्या महिन्यांत तिच्या खालच्या बाजूस एक पातळ पट्टा तयार होतो. तो आवळत नाही. तो ताणला जातो आणि मुलाला वाट देतो. शस्त्रक्रियेचा छेद या दोहोंपैकी कोणत्या भागावर पडला, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते.

आमच्या हमालांना हे समजावताना आम्ही खाचराच्या बांधाचा दाखला देतो. बांध फुटला म्हणजे आपण त्यावर माती टाकून तो बुजवितो. ती जागा बसण्यास वेळ लागतो. लगेच मोठा पूर आला तर पाणी जुन्या बांधाला सोडून नेमके त्या नव्या मातीतून वाट काढते. शिवाय जिथे पाण्याचा सर्वांत जास्त जोर, तिथेच बांध फुटलेला असेल तर ती जागा कायमची कच्ची राहते. एका कडेला फुटला असेल तर निभावते. पिशवीचेही तसेच आहे. वरच्या स्नायूवरचा उभा छेद भरत असतानाच तो स्नायू आवळत आणि सैल होत असतो. म्हणून तिथला वण दुबळा राहतो, आणि पुढच्या वेळी पहिला जोर त्याच्यावरच येतो. कधी कधी कळा सुरू होण्यापूर्वीच तो उकलतो. खालच्या पट्ट्यावरचा आडवा छेद शांत जागी असतो, तो चांगला जुळतो.

हे ज्ञान सहजासहजी मिळालेले नाही. दीडशे वर्षांपूर्वी पोट कापून मूल काढल्यावर पिशवी शिवतच नसत. ती आपोआप मिटेल अशी समजूत होती, आणि बहुतेक बाया रक्तस्रावाने किंवा पू होऊन मरत. इटलीतील पोरो या शल्यवैद्याने १८७६ साली मूल काढून पिशवीच काढून टाकण्याची रीत घातली. बाई जगे, पण पुन्हा आई होत नसे. जर्मनीत सेंगर याने १८८२ साली पिशवी नीट शिवण्याची पद्धत मांडली, आणि पहिल्यांदाच शिवलेल्या पिशवीत पुन्हा मूल वाढू लागले. आपला आजचा प्रश्न त्या दिवसापासूनचा आहे. १९१६ साली अमेरिकेतील क्रेगिन या डॉक्टराने बजावले की, एकदा सिझेरियन झालेल्या बाईला पुढेही सिझेरियनच करावे लागेल. त्याचा रोख पहिल्या शस्त्रक्रियेची घाई करू नका, असा होता. आणि त्या काळी छेद वरचा, उभा असे. पुढे १९२० नंतरच्या वर्षांत ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि तो जगभर रूढ झाला. आज बहुतेक सिझेरियन त्याच छेदाने होतात. परंतु मूल आडवे असणे, फार अपुऱ्या दिवसांचे असणे, वार अगदी खाली असणे, पिशवीवर गाठ असणे अशा अडचणीत आजही उभा छेद घ्यावा लागतो. तो घेणाऱ्या डॉक्टराचा त्यात दोष नसतो. पण ती गोष्ट बाईला लिहून दिली पाहिजे आणि समजावून सांगितली पाहिजे.

आता धोक्याची कारणे एकेक करून पाहू.

पहिले कारण छेदाचे. एकच सिझेरियन झालेले आणि छेद खालचा आडवा, अशा हजार बायांना पुढच्या वेळी आपोआप कळा आल्या, तर त्यांतल्या सुमारे पाच बायांची पिशवी फाटते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात वीस हजारांवर बायांच्या नोंदी तपासून २००१ साली हा हिशोब प्रसिद्ध झाला. म्हणजे हजारांतल्या नऊशे पंचाण्णव सुखरूप असतात, हेही विसरू नये. छेद वरचा उभा असेल, तर मात्र हे प्रमाण शंभरात चार ते नऊपर्यंत धरतात. अशा बाईला कळा येऊ देत नाहीत. दिवस ठरवून आधीच शस्त्रक्रिया करतात. पोटाच्या कातडीवरचा वण पाहून आतला छेद कळत नाही, ही गोष्ट सर्वांनी गाठीला बांधावी. आम्ही ती फार महाग किंमत देऊन शिकलो.

दुसरे कारण काळाचे. दोन बाळंतपणांतले अंतर दीड वर्षाहून कमी असेल, तर पिशवी फाटण्याचा धोका दुपटीतिपटीने वाढतो. वण वरून महिन्यादीड महिन्यात भरलेला दिसतो. आत त्याची जुळणी कित्येक महिने चालू असते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तर कोणत्याही बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी निदान चोवीस महिने जाऊ द्यावेत असा आहे. ज्या बाईची पिशवी शिवलेली आहे तिने तो दुप्पट काळजीने पाळावा. तांबी, अंतरा इंजेक्शन, गोळ्या, निरोध ही साधने सरकारी दवाखान्यात मिळतात. आणि हे पाळण्याची जबाबदारी एकट्या बाईची नव्हे. सभागृहात बसलेल्या पुरुषांनी मान खाली न घालता हे ऐकावे.

तिसरे कारण संख्येचे. एका वणापेक्षा दोन वण अधिक धोक्याचे. इथे पिशवी फाटण्याहूनही मोठी एक भीती असते, ती वारेची. गर्भ राहिला की वार पिशवीला कोठेतरी चिकटते. ती खाली, जुन्या वणावर चिकटली, तर भिंतीच्या भेगेत पिंपळाने मूळ घालावे तशी आत रुजते. मूल झाल्यावर ती सुटत नाही, आणि ओढून काढू गेल्यास रक्ताला खळ राहत नाही. अमेरिकेतील तीस हजारांवर सिझेरियनचा हिशोब २००६ साली मांडला गेला. वार खाली असलेल्या बायांत ती अशी रुजलेली सापडण्याचे प्रमाण, आधी एक सिझेरियन झालेले असल्यास शंभरात अकरा, दोन झालेली असल्यास चाळीस, आणि तीन झालेली असल्यास एकसष्ट निघाले. आधी सिझेरियन झालेल्या बाईची वार कोठे आहे हे सातव्याआठव्या महिन्यात सोनोग्राफीने पाहून घेणे म्हणूनच चैन नव्हे, गरज आहे. वार वणावर दिसली, तर बाळंतपण मोठ्या इस्पितळात, रक्ताची सोय आधी करूनच झाले पाहिजे.

याच जातीचा दुसरा एक प्रकार विरळा पण घातक आहे. गर्भ सुरुवातीलाच वणाच्या खाचेत रुजतो. वैद्यकीय वाङ्‌मयात त्याची पहिली नोंद १९७८ साली झाली. सिझेरियन वाढली तसे हे रुग्णही वाढले. म्हणून सिझेरियन झालेल्या बाईने पाळी चुकल्यावर तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता, दीडदोन महिन्यांतच तपासून घ्यावे.

चौथे कारण पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळच्या परिस्थितीचे. बाई दोन दिवस कळा देऊन थकलेली, पिशवीचे तोंड पुरते उघडलेले, पाणी केव्हाच गेलेले, आणि मग शस्त्रक्रिया झाली, तर छेद फार खाली जातो आणि तिथे खाच राहण्याचा संभव वाढतो. नंतर ताप आला, जखमेत पू झाला, पिशवीला सूज आली, तर वण दुबळा होतो. साखरेचा आजार, फार लठ्ठपणा आणि अंगात रक्त कमी असणे, ही पू होण्याला आमंत्रणे आहेत. वणात खाच राहिली, तर कित्येक बायांना पाळी संपल्यावरही चार-आठ दिवस काळसर डाग जात राहतात. त्या ते अंगवळणी पाडून घेतात. डॉक्टरला सांगत नाहीत. सांगितले पाहिजे.

टाका एकेरी घालावा की दुहेरी, यावर शल्यवैद्यांत बराच वाद झाला. भारतासह सात देशांत सुमारे सोळा हजार बायांवर ‘कोरोनिस’ नावाची मोठी चाचणी झाली. त्यांतल्या बहुतेकींना तीन वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा दोन्ही प्रकारांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तेव्हा “डॉक्टराने टाका नीट घातला नाही” हे आपल्याकडचे ठरलेले वाक्य उच्चारण्यापूर्वी थोडे थांबावे.

पाचवे कारण कळा आणविण्याचे. वॉशिंग्टनच्या त्याच हिशोबात, आपोआप कळा आलेल्या हजारांत पाच, तर कळा औषधाने आणविलेल्यांत सुमारे आठ, आणि प्रोस्टाग्लँडिन जातीची औषधे वापरलेल्यांत चोवीसहून अधिक बायांची पिशवी फाटली. म्हणून वण असलेल्या बाईला कळांच्या गोळ्या, विशेषतः मिसोप्रोस्टॉल, नवव्या महिन्यात देऊ नये असा नियम आहे. इंजेक्शनने कळा वाढवावयाच्या तर त्या इस्पितळातच, डोळ्यांत तेल घालून. गावात “जरा कळा वाढू द्या” म्हणून सुई टोचून जाणारा कोणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

सहावे कारण किरकोळ दिसते, पण हिशोबात धरावे लागते. मूल चार किलोहून मोठे असणे, दिवस उलटून जाणे, पूर्वी एकही नैसर्गिक बाळंतपण झालेले नसणे, पिशवीवरची गाठ काढण्याची शस्त्रक्रिया झालेली असणे, किंवा पूर्वी एकदा पिशवी फाटलेली असणे. यांतले शेवटचे सर्वांत गंभीर. उलट, एखादे नैसर्गिक बाळंतपण आधी झालेले असेल तर धोका कमी होतो. म्हणून ‘एकदा सीझर म्हणजे कायमचे सीझर’ हे आज खरे नाही. योग्य बाया निवडल्या आणि जागा योग्य असली, तर अशा शंभर बायांपैकी साठ ते ऐंशी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात.

आता ज्या गोष्टी कारण नाहीत पण कारण मानल्या जातात, त्यांविषयी दोन शब्द. आम्हीही असे मानत होतो की, पोती उचलल्याने किंवा चिखलात वाकून आवणी केल्याने आतला टाका उकलतो. पिशवी फाडते ती कळ. शेतातले काम नव्हे. मात्र ओली बाळंतीण जड उचलू लागली तर पोटाची भिंत कच्ची राहते, पुढे अंतर्गळ होतो, आणि अंगावरून जाणे वाढते. म्हणून विसावा हवाच. दुसरी समजूत अशी की, भात खाल्ला आणि पाणी प्यायले म्हणजे टाक्यांत पू होतो. ज्या तालुक्यात भाताशिवाय दुसरे मोठे पीक नाही, तिथे बाळंतिणीलाच भात बंद! पू जंतूंनी होतो, भाताने नव्हे. उपाशी ठेवलेल्या बाईची जखम मात्र खरोखरच उशिरा भरते.

पिशवी फाटू लागल्याच्या खुणाही सांगतो. कारण त्या घरच्या माणसालाच आधी दिसतात. दोन कळांच्या मधल्या वेळेतही वणापाशी न थांबणारे दुखणे. अंगावरून रक्त जाणे. लघवीत रक्त दिसणे. चक्कर, घाम, हातपाय गार पडणे. आणि जोरात आलेल्या कळा एकाएकी थांबणे. ही शेवटची खूण सर्वांत फसवी. कळा थांबल्या म्हणजे विसावा मिळाला असे मानू नये. इस्पितळात असताना याहूनही आधी मुलाचे ठोके बिघडतात, पण ते ऐकणारे यंत्र आणि माणूस तिथे हवा. पिशवी फाटल्यावर हाती मिनिटे असतात, तास नसतात. घोटीहून नाशिक तीसपस्तीस किलोमीटर. टाकेद-वासाळीकडच्या किंवा वैतरणेच्या बाजूच्या वाडीवरून तर आधी घोटीच गाठावयाची. श्रावणातल्या रात्री हे अंतर किती होते हे इथल्या माणसांना सांगावयास नको. तेव्हा वण असलेल्या बाईने कळा सुरू झाल्यावर निघावयाचे नसते. शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय जिथे आहे त्याच्या जवळपास दिवस भरण्यापूर्वीच जाऊन राहावयाचे असते. आता तालुक्यातच धामणगावला एस.एम.बी.टी. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, नाशिकला जिल्हा रुग्णालय आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझेरियन, औषधे, रक्त, जाण्यायेण्याची गाडी आणि सात दिवसांचे जेवण विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते. हक्क माहीत असेल तरच मागता येतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे.

येथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. ज्या पिशवीवर वणच नाही, ती वणातून फाटण्याचा प्रश्नच नाही. म्हणून गरज नसताना झालेले पहिले सिझेरियन हेच सर्वांत मोठे कारण म्हणावे लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात २००५-०६ साली शंभर बाळंतपणांत साडेआठ सिझेरियन होती. २०१९-२१ मध्ये ती साडेएकवीस झाली. महाराष्ट्रात ती शंभरात पंचवीसहून अधिक आहेत. याच पाहणीत देशातील सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण शंभरात चौदा, तर खासगी दवाखान्यांत सत्तेचाळीस निघाले. बाईची हाडे सरकारी दाराशी एक आणि खासगी दाराशी दुसरी नसतात. हा फरक दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

पण म्हणून शस्त्रक्रियेला शिव्या देणे हा आमचा पक्ष नव्हे. वेळेवर सिझेरियन न मिळाल्याने अडून मेलेल्या बाया आमच्याच डोंगरवाड्यांतल्या आहेत. एकीकडे नको असताना कापतात, दुसरीकडे हवे असताना मिळत नाही. आणि या दोन्ही बाया एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात राहतात. “पहिल्या वेळी का करावे लागले?” हा प्रश्न म्हणून भांडणाच्या सुरात नव्हे, पण ठामपणे विचारला पाहिजे, आणि उत्तर लिहून घेतले पाहिजे. आमच्या त्या हमालाच्या घरात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. म्हणून “उगाच कापले” हे त्यांचे उत्तर झाले, आणि त्याच उत्तराने पुढचा घात केला.

कामगार चळवळीचा आणि बाळंतपणाचा संबंध जुना आहे. मुंबईच्या परळला गिरणी कामगारांच्या कुटुंबांसाठी नवरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली उभे राहिले. त्यानंतर १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिविषयक कायदा झाला. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाची रजा आणि भत्ता त्याने मिळवून दिला. त्या विधेयकाच्या बाजूने १९२८ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर विधिमंडळात बोलले होते. मुंबईत आया का मरतात याची पद्धतशीर चौकशी डॉक्टर जेरुशा झिराड यांनी केली आणि तिचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. नोंद केल्याशिवाय मरण थांबत नाही, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते. पुढे १९६१ चा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि तीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली गेली.

सव्वीस आठवडे! पण आवणीला रोजाने जाणाऱ्या बाईला ती कोण देणार? तिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. वण भरण्यास लागणारा काळ कायद्याने दिला, पण ज्या बाईला तो सर्वांत जास्त हवा तिच्यापर्यंत तो पोचला नाही. ही आमची लढाई अजून बाकी आहे, आणि ती केवळ पगाराची नव्हे.

ती लढाई जिंकेपर्यंत जे हातात आहे ते तरी करू. आमच्या संघटनेने एक साधा नियम केला आहे. ज्या घरात सिझेरियन झाले त्या बाईने इस्पितळ सोडण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्यावयाच्या. शस्त्रक्रिया का केली. पिशवीवरचा छेद कोठे आणि कसा. ताप, पू, जास्त रक्तस्राव झाला का. आणि पुढच्या वेळी कळा येऊ द्याव्यात की नाही. हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईने स्वतःजवळ ठेवावयाचा. तिची इच्छा असेल तर एक नक्कल कचेरीत, हजेरीच्या चिठ्ठ्यांशेजारी. पुन्हा दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला तो कागद दाखवावयाचा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते, तिथे तो न्यावयाचा. यात एक पैसा खर्च नाही. छेद, अंतर, संख्या, ताप, वारेची जागा, कळांचे औषध, यांपैकी बहुतेक गोष्टी आधी कळू शकतात; आणि ज्या धोक्याची आधी खबर लागते त्याच्याशी गरीब माणूसही दोन हात करू शकतो.

ज्या बाईची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली ती आजही गिरणीत कामाला येते. हे सर्व येथे सांगण्यास तिचीच संमती आहे. नाव तेवढे सांगू नका म्हणाली. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या जावेचे सिझेरियन झाले. सातव्या दिवशी जाऊ घरी आली, आणि आठव्या दिवशी ही आमच्या कचेरीच्या दारात उभी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत घडी घातलेला कागद. म्हणाली, “भाऊ, हिचा छेद खालचा आहे, आडवा. मी डॉक्टरबाईंना दोनदा विचारून घेतलं. तेवढी नक्कल ठेवा.”

आम्ही ती ठेवली आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी, शेजारी, अशी एखादी बाई असेल. आज घरी गेल्यावर तिला एवढेच विचारावे की, तुझा कागद कोठे आहे?